गोठलेल्या रानावरून

रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या शिवेवर वॉपटन आणि ब्रेकनरिज ही समोरासमोरची दोन गावं आहेत. तिथे दोन लहान नद्या एकत्र येतात आणि रेडचा प्रवाह सुरू होतो. फार्गो आणि ग्रँड फोर्क्स ही शहरं ओलांडून ती एमर्सनपाशी कॅनडात शिरते, विनिपेग शहरात ॲसिनिबॉइन नदीला सामावून घेते आणि सुमारे ८८५ किलोमीटरनंतर विनिपेग सरोवराला मिळते. या सबंध वाटेवर तिला उतार असा जवळजवळ नाहीच. किलोमीटरमागे दहा सेंटीमीटरच्या आसपास. म्हणून ती नागमोडी, संथ आणि कायम गढूळ असते.

वाहण्याची ही दिशा नदीचं सगळं वर्ष ठरवते. वसंत ऋतू दक्षिणेकडून वर सरकतो. उगमाकडचं हिम आधी वितळतं, पाणी सुटतं आणि खाली येतं, तेव्हा मुखाकडची नदी अजून गोठलेलीच असते. पुढे वाट नाही म्हणून पाणी सपाट रानात पसरतं, बर्फाचे तुकडे पुलांपाशी एकमेकांवर चढून बंधारे तयार करतात आणि त्या बंधाऱ्यांमागे पाण्याची पातळी तासातासाने वाढते. १९५० च्या पुरानंतर विनिपेगने शहराला वळसा घालून जाणारा ४७ किलोमीटरचा कालवा १९६२ ते १९६८ या काळात खणला. १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्स जवळजवळ पूर्ण रिकामं करावं लागलं. कालव्यामुळे विनिपेग वाचलं, पण शहराच्या दक्षिणेला दीड हजारांहून अधिक चौरस किलोमीटर शेती पाण्याखाली गेली.

पुरांचे हिशेब अनेकांनी मांडले आहेत. या पुस्तकाला त्या पाण्यात काय विरघळलेलं असतं, ते कुठून येतं आणि पुढे कुठे जातं, हे सांगायचं आहे. मराठी वाचकाने एका परक्या, गोठणाऱ्या नदीची एवढी चौकशी का करावी, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की, शेतीमुळे नदी कशी बिघडते याविषयीची आपली सगळी समज पावसावर उभी आहे. जून-जुलैत नदीला नवं पाणी येतं, त्याबरोबर रानातली माती येते, मातीबरोबर खत येतं. म्हणून माती धरून ठेवा, बांध घाला, गवत लावा. हे आपल्याकडे खरंच आहे. रेडच्या खोऱ्यात मात्र शेतातून वाहून जाणाऱ्या वर्षभराच्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी हिम वितळण्याच्या दोन-तीन आठवड्यांत वाहतं, आणि तेही जमीन अजून गोठलेली असताना. त्या पंधरवड्यात पावसाच्या मुलखातलं शहाणपण कमी पडतं. काही वेळा उलटतंसुद्धा. जमीन, खत आणि पाणी यांच्या नात्याकडे इतक्या वेगळ्या हवामानातून पाहिलं की आपण गृहीत धरलेल्या कितीतरी गोष्टी पुन्हा तपासाव्याशा वाटतात. म्हणून ही चौकशी.

सुरुवात हिवाळ्यापासून करायला हवी, कारण वसंतात जे घडतं त्याची तयारी तेव्हाच होते. नोव्हेंबरात नदीवर बर्फ धरू लागतो. जानेवारीपर्यंत त्याची जाडी अर्धा मीटर ओलांडते आणि विनिपेगमधली माणसं नदीवरून स्केटिंग करत जातात. वरून सगळं थांबल्यासारखं दिसतं, पण खाली पाणी वाहत असतं आणि त्या पाण्याचा स्वभाव उन्हाळ्यातल्या पाण्याहून निराळा असतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: शून्य अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर २५ अंशाला ८.३ मिलिग्रॅमच. त्या हिशेबाने हिवाळ्यातली नदी श्रीमंत असायला हवी. पण बर्फ हे नदीवरचं झाकण आहे. उघडी नदी हवेतून प्राणवायू घेते, तिच्या प्रत्येक लाटेबरोबर तो आत मिसळतो. झाकण पडलं की ही आवक बंद होते. तळातला गाळ आणि पाण्यातले जीवाणू मात्र प्राणवायू खातच राहतात. थंडीने त्यांची भूक मंदावते, संपत नाही. नितळ बर्फातून थोडा उजेड आत जातो आणि त्या उजेडावर पाण्यातल्या वनस्पती थोडा प्राणवायू तयार करतात. बर्फावर वीतभर हिम साचलं की तोही मार्ग बंद होतो. उथळ तळ्यांत अशा हिवाळ्यात प्राणवायू संपून मासे मरतात. बर्फ सुटेपर्यंत ते कुणाला दिसतही नाहीत.

त्यात हिवाळ्यात नदीचं पाणी कमी झालेलं असतं. वरून काही येत नाही, जमिनीखालच्या झऱ्यांवर जेवढं चालेल तेवढं चालतं. शहरांचं सांडपाणी गोठत नाही, ते रोजच्या मापाने येतच राहतं आणि आटलेल्या नदीत त्याचा वाटा आपोआप वाढतो. शिवाय पाणी गोठताना स्फटिकात क्षारांना जागा मिळत नाही, ते खालच्या पाण्यात ढकलले जातात. जितका बर्फ जाड, तितकं खालचं पाणी अधिक खारट. अमोनियाचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू थंडीत जवळजवळ झोपलेले असतात, म्हणून उन्हाळ्यात काही किलोमीटरांत निवळणारा अमोनिया हिवाळ्यात लांबवर टिकतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या अथाबास्का आणि पीस या नद्यांवर कागदाच्या लगद्याचे कारखाने वाढले, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. १९९१ ते १९९६ या काळात तिथे झालेल्या उत्तरी नदीखोऱ्यांच्या मोठ्या अभ्यासाने बर्फाखालच्या प्राणवायूकडे मुद्दाम लक्ष दिलं. कारखान्याला किती सांडपाणी सोडू द्यायचं, हे नदीच्या भर उन्हाळ्यातल्या रूपावरून ठरवून चालत नाही. तिची सगळ्यात अशक्त अवस्था फेब्रुवारीत असते. विनिपेगमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत एक मोठी सांडपाण्याची नळी फुटली आणि २० कोटी लिटरहून अधिक न शुद्ध केलेलं सांडपाणी रेडमध्ये गेलं. नदी तेव्हा गोठलेली होती. खालच्या अंगाला राहणाऱ्या मूलनिवासी वस्त्यांनी जो संताप व्यक्त केला तो समजून घ्यायचा असेल, तर झाकणाखालची ही नदी आधी समजून घ्यावी लागते.

आता हिम. ते आकाशातून स्वच्छ येतं असं आपण मानतो. प्रत्यक्षात ते पडताना हवेतलं नायट्रेट, सल्फेट आणि काजळी बरोबर आणतं आणि पडल्यानंतर चार-पाच महिने तिथेच राहून वाऱ्यावर आलेली माती आणि धूळ जमा करत राहतं. प्रेअरीच्या गवताळ सपाटीवर जोराचा वारा उघड्या रानाची माती उडवतो आणि ओढ्याकाठचं हिम काळपट होतं. हे सगळं त्या थरात समान वाटलेलं नसतं. हिम दिवसा थोडं ओलावतं, रात्री पुन्हा गोठतं. असं अनेकदा झालं की क्षार कणांच्या आतून बाहेर, पृष्ठभागावर येऊन बसतात. म्हणून वितळण सुरू झाली की पहिलं पाणी ते धुऊन घेऊन निघतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात हे मोजलं: हिमाचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा वितळेपर्यंत त्यातले निम्म्याहून अधिक, कधी ८० टक्क्यांपर्यंत, क्षार आणि आम्लं बाहेर पडलेली असतात. आम्लवर्षेच्या काळात दक्षिण नॉर्वेच्या नद्यांमधले मासे वसंतात मरत ते यामुळेच. वर्षाची सरासरी पाहिली तर पाणी ठीक दिसे. माशांना मात्र त्या थोड्या दिवसांतल्या पाण्यात जगायचं होतं.

पाणी तपासणाऱ्या सगळ्यांनी ही गोष्ट मनात कोरून ठेवावी असं मला वाटतं. महिन्याच्या ठरावीक तारखेला बाटली भरायची पद्धत सोयीची आहे, पण वितळणीची लाट दोन तारखांच्या मधून निघून जाऊ शकते. दुपारी हिम वितळतं, रात्री थांबतं, म्हणून लहान ओढ्याचं पाणी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं बदलतं. रेडच्या खोऱ्यातले चांगले अभ्यास हे अशा आठवड्यांत दिवसातून अनेकदा नमुने घेणाऱ्यांचे आहेत: चिखलात अडकलेल्या गाड्या आणि गोठलेल्या बोटांनी बंद केलेल्या बाटल्या.

आणि ती जमीन! इथे मराठी वाचकाला एक ओळखीची गोष्ट भेटेल. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस या भागात हिमनद्यांच्या पाण्याचं एक अफाट सरोवर साचलं होतं. भूशास्त्रज्ञांनी त्याला लुई ॲगसी या शास्त्रज्ञाचं नाव दिलं. ते आटलं तेव्हा तळाशी बारीक चिकणमातीचा जाड, सपाट थर राहिला. तोच रेडचं खोरं. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, बुटाला आणि चाकाला पायलीभर चिकटते. मृदाशास्त्र तिच्यातल्या मोठ्या भागाला ज्या गटात घालतं त्याच गटात आपली दख्खनची काळी भारी जमीनही आहे. बेसाल्टच्या झिजेतून झालेली एक आणि हिमसरोवराच्या गाळातून झालेली दुसरी, पण चिकणमातीचा स्वभाव तोच. विदर्भातल्या कापूसवाल्याला मॅनिटोबातल्या, म्हणजे विनिपेग ज्या प्रांतात आहे तिथल्या, गहूवाल्याची वाफशाची चिंता समजावून सांगावी लागणार नाही.

फरक दंवाचा. ऑक्टोबरात पाऊस होऊन जमीन ओली असताना थंडी पडली, तर मातीतल्या पोकळ्यांमधलं पाणी गोठतं आणि वरचा थर पाण्याला दाद देत नाही. वसंतात हिम वितळतं ते अशा जमिनीवर. पाणी मुरू शकत नाही, मग ते वरच्या दोन-चार सेंटीमीटरमधून, धसकटांमधून आणि पालापाचोळ्यातून हळूहळू झिरपत नाल्याकडे निघतं. सास्काचेवान विद्यापीठातल्या डॉन ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोठलेल्या जमिनीचे तीन प्रकार केले: जवळजवळ काहीच न मुरवणारी, थोडं मुरवणारी आणि सगळं पिऊन टाकणारी. तिसऱ्या प्रकारात भेगाळलेली चिकणमाती येते. शरद ऋतू कोरडा गेला, जमीन भेगा पडलेल्या अवस्थेतच गोठली, तर वितळलेलं पाणी त्या भेगांमधून खोल उतरतं आणि नदीपर्यंत फारसं पोचतच नाही. एप्रिलमधल्या नदीची तब्येत अशी आदल्या ऑक्टोबरच्या पावसावर अवलंबून असते. शेतकऱ्याला कोरडा शरद हवा असतो काढणीसाठी. नदीलाही तोच मानवतो. इतकं सरळ जुळणं या विषयात फार क्वचित सापडतं.

वरच्या थरातून सावकाश जाणारं हे पाणी माती फारशी उचलत नाही. पावसाचा थेंब मारा करतो, ढेकूळ फोडतो. वितळणीच्या पाण्याला तो जोर नसतो. पण सावकाशीमुळेच त्याला विरघळवायला वेळ मिळतो. प्रेअरीतल्या वितळणीच्या पाण्यातला स्फुरद बहुतांश विरघळलेल्या रूपात असतो, मातीच्या कणांना चिकटलेला नसतो. हा फरक फार मोलाचा आहे, कारण विरघळलेला स्फुरद शेवाळाला ताबडतोब वापरता येतो, आणि तो अडवायला बांध किंवा गाळ साचवणारं तळं पुरत नाही. हा स्फुरद येतो कुठून? काही वरच्या थरात साचलेल्या खतातून. पृष्ठभागावर फेकलेलं आणि मातीत न मिसळलेलं खत वरच राहतं. काही जनावरांच्या मलखतातून. आणि काही चक्क झाडांमधून: पानं, देठ, गवत गोठलं की त्यातल्या पेशी फुटतात आणि आतला रस उघडा पडतो. पुन्हा पुन्हा गोठणं आणि वितळणं झालं की उभ्या हिरव्या पिकातून, मेथीघासासारख्या चाऱ्यातून, धसकटांतूनसुद्धा स्फुरद पाण्यात सुटतो.

यामुळे जे घडलं ते या पुस्तकाच्या गाभ्याशी आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. दक्षिण मॅनिटोबात मायामी नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ साउथ टोबॅको क्रीक नावाचा ओढा पठाराच्या कडेवरून रेडच्या खोऱ्यात उतरतो. तिथे १९९० च्या दशकापासून शेजारशेजारच्या दोन लहान पाणलोटांवर शास्त्रज्ञांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून वर्षानुवर्षं मोजमाप केलं. एकावर नेहमीची नांगरट चालू ठेवली, दुसऱ्यावर काही वर्षांनी कमी मशागतीची शेती सुरू केली: धसकटं रानातच राहू द्यायची, माती उलटायची नाही. पावसाच्या प्रदेशात ही पद्धत नदीला वरदान ठरते, आणि इथेही तिने मातीची धूप रोखली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाहून जाणारा गाळ ६५ टक्क्यांनी आणि नत्र ६८ टक्क्यांनी घटला. स्फुरद मात्र १२ टक्क्यांनी वाढला. धसकटं वरच राहिली, गोठली, फुटली. खत वरच्या थरातच साचत गेलं. आणि वितळणीचं पाणी नेमकं त्याच थरातून गेलं.

ज्यांनी आयुष्यभर नांगर थांबवा म्हणून सांगितलं त्यांना हा निकाल जड गेला असणार. नांगरट परत सुरू करा, असा त्याचा अर्थ घेणं सरळ चूक आहे. १९३० च्या दशकात याच प्रेअरीवर धुळीची वादळं झाली होती. उघडी माती वाऱ्याच्या हवाली करणं काय असतं ते या लोकांनी भोगलं आहे. अर्थ एवढाच की माती आणि पाणी यांचं भलं नेहमी एकाच वाटेने होत नाही, आणि एका मुलखात सिद्ध झालेला उपाय दुसऱ्या मुलखात नेताना त्या मुलखाचं पाणी कधी आणि कशावरून वाहतं हे आधी विचारलं पाहिजे. नदीकाठच्या गवताच्या पट्ट्यांची गोष्टही अशीच. उन्हाळी पावसात ते पट्टे गाळ अडवतात. एप्रिलमध्ये ते मेलेलं, गोठलेलं गवत असतं, त्याच्याखालची जमीन दगडासारखी घट्ट असते आणि ते स्वतःच स्फुरद सोडतं. शरदात ते कापून उचलून नेलं, जनावरांना घातलं, तर फायदा होतो. नुसतं लावून मोकळं झालं तर होत नाही.

त्याच ओढ्यावर शेतकऱ्यांच्या संघटनेने वीसहून अधिक लहान धरणं बांधली. हेतू मुळात पूर आणि ओघळींची धूप आवरण्याचा होता. पाणी थोडे दिवस थांबलं की गाळ खाली बसतो आणि नत्र-स्फुरदाचा काही भागही अडतो, हे नंतरच्या मोजमापात दिसलं. गावाने एकत्र येऊन ओढ्यावर पाणी अडवण्याची ही कल्पना महाराष्ट्रात कुणालाच परकी वाटणार नाही. आपण ते पाणी पिकासाठी अडवतो, तिथले लोक ते नदीचा वेग मोडण्यासाठी अडवतात.

सगळा स्फुरद अखेर विनिपेग सरोवरात जातो. सुमारे २४,५०० चौरस किलोमीटरचं हे सरोवर जगातल्या सगळ्यात मोठ्या गोड्या सरोवरांच्या यादीत वरच्या दहा-बारांत बसतं, पण त्याची सरासरी खोली जेमतेम १२ मीटर आहे. पश्चिमेला रॉकी पर्वतापासून पूर्वेला ओंटारिओच्या खडकाळ रानापर्यंत सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचं पाणी इथे येतं. त्यात रेडचा वाटा सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा. स्फुरदात मात्र तिचा वाटा दोन-तृतीयांशाच्या घरात. १९९० च्या दशकापासून उन्हाळ्यात या सरोवरावर नील-हरित शेवाळाचे थर हजारो चौरस किलोमीटरवर पसरू लागले. उपग्रहाच्या चित्रांत ते हिरव्या भोवऱ्यांसारखे दिसतात. सरोवराकाठच्या गिमली गावच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना इशारे द्यावे लागले, मासेमारांच्या जाळ्यांत शेवाळ भरून ती जड झाली. १९९७ च्या पुरानंतर शास्त्रज्ञांनी आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी १९९८ मध्ये एक संशोधन संघ उभारला आणि ‘नामाओ’ नावाच्या जहाजावरून सरोवराची नियमित तपासणी सुरू झाली. एका जर्मन संस्थेने २०१३ मध्ये विनिपेगला त्या वर्षीचं संकटग्रस्त सरोवर म्हणून जाहीर केलं.

दोष स्फुरदाचाच कशावरून? हा वाद १९६० च्या दशकात जोरात होता. साबण कारखान्यांना तो कार्बनवर ढकलायचा होता. उत्तर याच खोऱ्यात मिळालं. विनिपेगच्या पूर्वेला, वायव्य ओंटारिओत १९६८ पासून काही लहान तळी फक्त प्रयोगांसाठी राखून ठेवली आहेत. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नत्र घातलं, एकात त्याबरोबर स्फुरदही. स्फुरद घातलेली बाजू हिरवीगार झाली, दुसरी निळी राहिली. विमानातून घेतलेल्या त्या एका छायाचित्राने जे पटवलं ते शेकडो पानांच्या अहवालांनी पटलं नसतं. २०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने तळ्यांच्या या प्रयोगशाळेचा खर्च बंद करायचं ठरवलं, तेव्हा लोक तिच्या बाजूने उभे राहिले. २०१४ पासून विनिपेगमधली एक संस्था ती चालवते. एका तळ्यावरचं पन्नास वर्षांचं मोजमाप एकदा तुटलं की ते कुठल्याही पैशाने परत जोडता येत नाही, आणि ते वाचलं याचा मला मनापासून आनंद आहे.

आपल्याकडे उजनीच्या जलाशयावर जलपर्णी आणि हिरवा तवंग पाहिलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. तिथे मुख्य दोष पुणे-पिंपरीच्या सांडपाण्याकडे जातो. विनिपेगमध्येही लोक आधी शहराकडे बोट दाखवतात, आणि शहराने आपली शुद्धीकरण केंद्रं सुधारायला उशीर केला हे खरंच आहे. पण सरोवरात येणाऱ्या स्फुरदात शहराचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास धरला जातो. बाकीचा बराच भाग हजारो शेतांतून, कुठल्याही एका नळीतून न येता येतो. त्यावर खटला भरता येत नाही, त्यावर मीटर बसवता येत नाही.

म्हणून शेतकऱ्याविषयी बोलताना या पुस्तकाने सांभाळून बोलायचं ठरवलं आहे. या सपाटीवर मुळात दलदली आणि पाणथळी होत्या. गेल्या सव्वाशे वर्षांत सरकारी धोरणाने, सरकारी पैशाने सरळ रेषेतले चर खणून त्या काढून टाकल्या गेल्या. पाणी लवकर निघालं की वाफसा लवकर येतो, आणि इथे पेरणीचा हंगाम इतका आखूड आहे की आठवडाभराचा उशीर पीक घालवू शकतो. चर खणणाऱ्याने आपल्या पोटाचा विचार केला. पण पूर्वी पाणथळीत अडकणारा स्फुरद त्यानंतर सरळ नदीत जाऊ लागला. त्यात डुकरांच्या मोठ्या गोठ्यांची भर पडली. मॅनिटोबात माणसांपेक्षा डुकरांची संख्या कितीतरी जास्त आहे. त्यांचं मलखत पिकाच्या नत्राच्या गरजेइतकं घातलं की स्फुरद गरजेपेक्षा जास्त होतो, आणि जास्तीचा स्फुरद वर्षानुवर्षं जमिनीत साचत जातो. आज खत घालणं थांबवलं तरी ती जुनी शिल्लक कितीतरी वर्षं वितळणीबरोबर निघत राहील. एका पिढीने केलेल्या साठ्याचं व्याज पुढच्या पिढीची नदी भरते आहे, आणि तिला ‘सुधारणा का दिसत नाही’ असं विचारणाऱ्या पुढाऱ्यांनी हे समजून घेतलं पाहिजे.

उपाय आहेत, आणि त्यातले चांगले उपाय थंड मुलखाकडे पाहून शोधलेले आहेत. खत पृष्ठभागावर न फेकता मातीत पट्ट्याने पेरायचं. मातीपरीक्षणात स्फुरद पुरेसा निघाला तर मलखत दुसऱ्या रानात न्यायचं. सरोवराच्या तोंडाशी आणि वरच्या पाणथळींत पाणकणीस वाढतं. ते शोषून घेतलेल्या स्फुरदासकट कापून न्यायचं आणि जळण म्हणून वापरायचं, असे प्रयोग विनिपेगच्या संशोधकांनी केले आहेत. ते मला फार आवडतात, कारण त्यात स्फुरदाला पुन्हा एक वस्तू मानलं आहे: जगात मोजक्याच खाणींतून मिळणारं, जपून वापरायचं खत.

सीमेचा प्रश्न उरतोच. १९०९ च्या करारानुसार अमेरिका आणि कॅनडा यांनी एकमेकांचं पाणी बिघडवायचं नाही असं ठरलेलं आहे, आणि त्यासाठी दोन्ही देशांचा संयुक्त आयोग आहे. तरीही रेडच्या पाण्यातल्या नत्र-स्फुरदासाठी सीमेवरची उद्दिष्टं ठरायला २०२२ उजाडलं: एमर्सनपाशी स्फुरद लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम आणि वर्षाला १,४०० टन. ती बंधनकारक नाहीत. पण दोन देशांनी एका ठिकाणी, एका आकड्यावर बोट ठेवलं, हे माझ्या मते गेल्या वीस वर्षांतलं या नदीसाठीचं मोठं पाऊल आहे. अनेक राज्यांतून जाणाऱ्या नद्यांविषयी वर्षानुवर्षं लवादांपुढे भांडणाऱ्या आपल्या देशात हा वाद पाण्याच्या वाट्याभोवतीच फिरतो. पाणी कसं असावं याचा आकडा त्यात क्वचितच येतो.

शेवटी एक गोष्ट वाचकाने पुढची प्रकरणं वाचताना सोबत ठेवावी. मॅनिटोबात २०१३ पासून १० नोव्हेंबर ते १० एप्रिल या काळात शेतात मलखत पसरायला सगळ्याच पशुपालकांना बंदी आहे. गोठलेल्या जमिनीवर पडलेलं खत मातीत मिसळत नाही, हिमाबरोबर सरळ नदीत जातं. त्यामुळे हा नियम अगदी योग्य आहे. तो करताना जुन्या हिवाळ्यांचा अनुभव गृहीत धरला होता. आता थंडी उशिरा पडते, जानेवारीत मध्येच वितळण होते, हिमावर पाऊस पडतो आणि पुन्हा सगळं गोठतं. वर्षातून एकदा येणारी लाट काही वर्षी दोन-तीन तुकड्यांत येते, आणि प्रत्येक तुकडा धसकटांमधला रस नव्याने धुऊन नेतो. गोठे मात्र तेवढेच भरतात, साठवणीची तळी तेवढीच मोठी असतात. तारखा कायद्यात लिहिलेल्या आहेत. त्या सरकवायच्या की जमिनीचं तापमान मोजून रोजचा निर्णय घ्यायचा, आणि तो निर्णय शेतकऱ्यापर्यंत सकाळी सहाच्या आत पोचवायचा कसा, यावर विनिपेगमध्ये आणि फार्गोमध्ये आज जे लोक काम करत आहेत, त्यांच्या कामापासून पहिलं प्रकरण सुरू होतं.